पोह्यांवर सांबार

रविवारी सकाळी मी पोहे केले होते. रीतसर, आमच्या पद्धतीचे, बटाटा आणि दाणे घालून, वर ओलं खोबरं भुरभुरून, कडेला लिंबाची फोड ठेवून. बशी लेकीपुढे सरकवली, तर फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आई, वरून सांबार टाक ना थोडा."

पोह्यांवर सांबार? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, शाळेत कुणी तमिळ मैत्रीण मिळाली असेल, चांगलंच आहे. फ्रिजमध्ये आदल्या दिवशीचं इडलीबरोबरचं सांबार उरलं होतं. ते गरम करून वाटीत ओतून मी तिच्यापुढे ठेवलं. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नॉट धिस. दॅट ग्रीन थिंग."

तिला कोथिंबीर हवी होती. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत होतं. माझ्या घरात, माझ्या पोह्यांसाठी, माझी मुलगी तो शब्द वापरेल हे माहीत नव्हतं.

आमची लेक सोळा सरून सतराव्यात लागलेली. जन्म न्यू जर्सीतल्या पार्सिपनीतला. मराठी तिला समजतं, पण ती बोलत नाही. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. तिने मराठी बोलावं म्हणून मी काय कमी केलं होतं? रविवारच्या मराठी शाळेत नेऊन सोडत होते, घरभर दारांना, कपाटांना नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, झोपताना गोष्टी सांगितल्या होत्या. एवढं करून हाती आलं ते "आई", "बस" आणि "नको". आणि आता पूर्ण वाक्य आलं तर ते दुसरीच्या घरचं.

दुसरी म्हणजे मावशी. आमच्या ओळखीत नागपूरची बाई एकच. नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून आम्ही न्यू जर्सी सोडून टेक्सासमध्ये प्लेनोला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात इंडियन स्टोअरमध्ये मेथीची शेवटची जुडी आम्ही दोघींनी एकदमच उचलली. तिने ती मला देऊन टाकली. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळी, हसली की सगळ्या दुकानाला कळावं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला इथे नोकरी करता येत नव्हती. शाळेच्या मागच्याच अपार्टमेंटमध्ये राहायची. मूलबाळ नव्हतं. ती मला "ताई" म्हणू लागली, म्हणून लेकीने तिला मावशी म्हणायचं, हे ओघानेच ठरलं. मला सख्खी बहीण नाही, मला बरं वाटलं होतं.

लेकीला शाळेत घालताना ऑफिसातल्या बाईने विचारलं, तुम्ही फोन उचलला नाही तर गावात दुसरं कुणाला करायचा? गावात आम्ही कुणालाच ओळखत नव्हतो. मी मावशीचा नंबर सांगितला. कोण लागते, म्हणून तिने विचारलं. आता मावशीला इंग्रजीत काय म्हणणार? मी म्हटलं, "आंट." ती म्हणाली, म्हणजे तिला फोन केलेला चालेल? माझी ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती. मी किल्ल्या उचलता उचलता म्हटलं, "येस, येस. सेम थिंग."

पोह्यांच्या त्या रविवारनंतर मी कान टवकारून होते. लेक फोनवर कुणाला तरी "जेवून राहिली" म्हणाली. बाथरूममध्ये पाय घसरला तर "अगं बापा" म्हणाली. मी पुण्याची, सदाशिव पेठेत वाढलेली. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडून "जेवून राहिली" ऐकताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. महिन्यातून एकदा आम्ही मावशीकडे जेवायला जायचो. तिथून उचललं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. एका जेवणात माणूस एवढं उचलतो का, हे विचारायचं टाळलं.

मार्चमध्ये शाळेतून फोन आला. हजेरी बघणारा माणूस बोलत होता, आवाज अगदी मऊ. तुमची मुलगी कितीतरी दिवस लंचनंतर वर्गात नसते, म्हणाला. मी म्हटलं, काहीतरी चूक आहे, मला एकदाही मेसेज आलेला नाही. तो म्हणाला, कारण दर वेळी तिची आंट फोन करून बरं नसल्याचं कळवायची, म्हणून रजा मंजूर धरली जायची. आता नव्याने तपासताना लक्षात आलं की आंट त्या घरात राहत नाही, कायद्याने पालक नाही. त्यामुळे त्या साऱ्या रजा एका झटक्यात नामंजूर झाल्या होत्या आणि टेक्सासच्या कायद्याची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. शाळेला हे कोर्टाकडे पाठवणं भाग होतं.

कोर्ट हा शब्द ऐकल्यावर मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. डोक्यात नाही नाही ते आलं. पोरगा, ड्रग्ज, कुणाच्या तरी गाडीत बसून डॅलसला जाणं. संध्याकाळी दोघांनी मिळून लेकीला समोर बसवलं. तिने आधी फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "आय वॉज जस्ट ॲट मावशीज."

"काय करायला?"

"नथिंग. वी ईट लंच. देन शी टेल्स मी स्टफ. देन आय स्लीप."

"आणि शाळेत जेवायला काय झालं?"

ती नखं कुरतडत होती. "आय डोन्ट हॅव एनीवन टु सिट विथ."

न्यू जर्सीत तिचा सात-आठ मुलींचा गोतावळा होता. अकरावीत तिला तिथून उपटून आम्ही इथे आणलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"यू वेर इन अ मीटिंग."

"रोज?"

"लाइक, रोज," ती म्हणाली.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. पोरगा नाही, ड्रग्ज नाही, मराठी बाईच्या घरी वरणभात खात होती. लगेच त्याची दुसरी काळजी सुरू झाली, ग्रीन कार्डचं काम चालू असताना कोर्टाचं लफडं कसं निस्तरायचं. त्याने रात्र व्हायच्या आत सगळं वाचून काढलं. शाळा बुडवणं हा इथे मुलांसाठी गुन्हा धरत नाहीत, तरी कोर्ट हुकूम काढू शकतं. समुपदेशनाला बसा, समाजसेवा करा, आणि मुलीचं ड्रायव्हिंग लायसन्स थांबवा. आईबापांनी हलगर्जी केली असं ठरलं तर त्यांच्यावर वेगळी केस, आणि ती मात्र गुन्ह्याची. लेकीने लायसन्सचं ऐकलं आणि रडायला लागली. गाडी चालवता आली की उन्हाळ्यात नोकरी करून जुन्या मैत्रिणींकडे जायचं, एवढ्या एका आशेवर तिने हे वर्ष काढलं होतं. आमच्या या भागात गाडीशिवाय माणूस म्हणजे घरात कोंडलेलं मांजर.

ते दोघं आपापल्या काळजीत होते. मला मात्र वेगळंच काहीतरी होत होतं. पोरगा असता तर मला राग आला असता, आणि रागाचं काय करायचं ते मला कळतं. हा मत्सर होता. उघडउघड, पोटात आग पडल्यासारखा मत्सर. माझी मुलगी माझ्यापासून पळून कुठे गेली, तर दुसऱ्या आईकडे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मावशीकडे गेले. भांडायलाच गेले होते. तिने दार उघडलं आणि "या ताई, मी वाटच पाहून राहिली होती," म्हणाली. दाराशी लेकीच्या स्लिपर्स होत्या. घरातल्या घरात घालायच्या, मी कधीच न घेतलेल्या, पिवळ्या. सोफ्यावर तिची उशी होती, म्हणजे तिची म्हणून ठरलेली, कारण मावशीने मला बसायला सांगताना ती उचलून जपून बाजूला ठेवली. खिडकीत तेलाची बाटली आणि कंगवा. माझ्या मुलीने गेली चार वर्षं मला केसांना हात लावू दिला नव्हता.

"तुम्ही तिला तेल लावता?" मी विचारलं. शाळा, कोर्ट, खोटे फोन, सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून आधी हेच निघालं.

"तीच म्हणते लावून दे म्हणून."

"आणि शाळेत खोटं कळवलंत?"

"पहिल्या दिवशी खरंच पोट दुखून राहिलं होतं तिचं. तुम्हाला फोन लागला नाही म्हणून नर्सने मला केला. मी घेऊन आले, शेक दिला. दुसऱ्या वेळी ती आपणहून आली. दारात उभी राहून रडून राहिली होती हो पोट्टी. आता हाकलून देऊ का? म्हटलं, आजच्या दिवस." तिने पदराशी चाळा केला. "मग आजचा दिवस रोजच आला. तुम्हाला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही तिला पाठवलं नसतं."

हे तर खरंच होतं. मी म्हटलं, "बरोबर. नसतंच पाठवलं."

"मलाही दिवस जात नाही ना ताई इथे," ती म्हणाली, आणि बाजूला ठेवलेली ती उशी मांडीवर घेऊन बसली. मला तिची दया आली नाही. यायला हवी होती, हे कळत होतं. पण माझी नजर फिरून फिरून त्या कंगव्याकडे जात होती. त्यात लांब केस अडकलेले होते, आणि ते माझ्या आईसारखे, किंचित तपकिरी होते.

ती चहा टाकायला उठली तेव्हा मी विचारलं, ती तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलते? "मराठीतच की," ती आतून म्हणाली, "मला कुठे एवढं फाडफाड इंग्लिश येते? तिलाच बोलावं लागते." मी चहा न घेता निघाले. माझं इंग्रजी चांगलं असल्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

कोर्टाचा दिवस उजाडला. नवऱ्याने मुलाखतीचा सूट घातला. मी सिनेमातलं कोर्ट डोळ्यांपुढे धरून गेले होते. प्रत्यक्षात ती बँकेच्या शाखेसारखी खोली निघाली. गालिचा, खुर्च्या, भिंतीवर झेंडा, आणि चष्मा लावलेल्या साठीच्या न्यायाधीशबाई. शाळेचा तो मऊ आवाजाचा माणूस आला होता. आणि मावशी आली होती, मोरपिशी साडी नेसून, हातात डब्याची पिशवी. कुणी बोलावलं होतं तिला? लेकीने. लेक आमच्या दोघींच्या मध्ये बसली, आणि बसताना कलली ती तिकडच्या बाजूला. मावशी तिच्या कानात म्हणाली, "भिऊ नको." मीही तेच म्हणणार होते, पण आता परत म्हणून काय उपयोग?

आमच्या आधी एक उंच मुलगा होता, बरोबर बाप. त्याला बाईंनी समुपदेशन लावलं आणि लायसन्स थांबवायचा हुकूम काढला. बाप म्हणाला, तो मला कामावर सोडतो, मॅम. बाई म्हणाल्या, मला वाईट वाटतं, आणि पुढचं नाव पुकारलं. लेकीने माझा हात धरला. दुसरा हात कुणाच्या हातात होता ते मी पाहिलं नाही.

न्यायाधीशबाईंनी शाळेचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ही आंट कोण? तुमची बहीण?

"नाही."

नवऱ्याची बहीण?

"नाही."

कुणाच्या भावाची बायको?

"नाही."

मग आंट कशी? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सांगायला लागले की आमच्यात आईच्या वयाच्या बाईला मावशी म्हणतात, काकू म्हणतात, रक्ताचं नातं लागत नाही, नुसता मान असतो. सांगता सांगता मलाच ते पोकळ वाटायला लागलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग शाळेचा माणूस म्हणाला, युवर ऑनर, सुरुवातीला ऑफिसात आईने सांगितलं होतं की आंटला फोन करणं म्हणजे सेम थिंग. आमच्या कर्मचारी बाईंना ते चांगलं आठवतं. म्हणूनच इतके दिवस तिचा फोन आम्ही पालकाचा समजलो.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही असं म्हणालात? आणि तुमचा अर्थ तोच होता? तुमच्या जागी या बाई मुलीविषयी बोलू शकतात, असा?

नवरा खुर्चीत पुढे सरकला. मलाही कळत होतं, सगळं या उत्तरावर टांगलेलं आहे. मी नाही म्हटलं तर त्या सगळ्या रजा म्हणजे निव्वळ दांड्या, लेकीचं लायसन्स गेलं, आणि मावशी शाळेला पालक भासवून फसवणारी बाई ठरली. तीही व्हिसावरच, तिचं इथलं राहणंच धोक्यात. होय म्हटलं तर निदान शाळेला पालकांनीच नेमलेल्या माणसाचा फोन येत होता, एवढं तरी उभं राहत होतं.

आणि तरीही माझ्या ओठांवर "नाही" आलं होतं. लाज वाटते म्हणून लपवण्यात अर्थ नाही, आलं होतं. नाही, त्या बाई म्हणजे मी नव्हे. नऊ महिने मी वाढवलं, तापात रात्री मी काढल्या, दारांवर चिठ्ठ्या मी चिकटवल्या. या बाईने काय केलं? डबा उघडला आणि ऐकत बसली. सेम थिंग कशी होईल ती? आता एका शब्दात तिला माझ्या घराच्या बाहेर काढता येत होतं, आणि तेही अमेरिकन कोर्टाच्या शिक्क्यानिशी.

मी बाजूला पाहिलं. मावशीने डब्याची पिशवी पोटाशी धरली होती आणि तिला इंग्रजी नीट कळत नव्हतं. काय विचारलं, हे लेक तिला हळू आवाजात समजावत होती. मराठीत. "मावशी, ती विचारून राहिली की तू आईसारखी आहेस का." स्वच्छ, न अडखळता, जणू हीच बोली तिची जन्मापासूनची. मावशीने घाईघाईने मान हलवली आणि म्हणाली, "नाही, नाही म्हणा. आई ती आईच."

तिने असं म्हणायला नको होतं. माझ्या हातचं "नाही" तिनेच काढून घेतलं.

"येस, युवर ऑनर," मी म्हटलं. "आय सेड इट, अँड आय मेंट इट." आवाज चिरका निघाला. "माझी मुलगी एकटी पडली होती. मला दिसलं नाही. हिला दिसलं."

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाल्या, हुकूम आज काढत नाही. वर्ष संपेपर्यंत मुलगी रोज पूर्ण दिवस शाळेत दिसली तर केस काढून टाकू, लायसन्सला हात लावणार नाही. शाळेने तिच्यासाठी लंचची काहीतरी सोय बघावी. आणि यापुढे फोन करायचा तो फक्त आई किंवा वडिलांनी. हे शेवटचं त्या मावशीकडे बघून म्हणाल्या. मला तेव्हा जो आनंद झाला तो काही फारसा उदात्त नव्हता.

पार्किंगमध्ये ऊन भाजत होतं. नवरा कुणाला तरी फोन करून केस सुटल्याचं सांगत होता, खरं तर ती सुटलेली नव्हती. मावशी निघते म्हणाली, पण तिला सोडणारा नवरा ऑफिसात होता, तेव्हा मीच म्हटलं, बसा गाडीत. ती मागे बसली. मला वाटलं लेक पुढे येईल. ती मागे जाऊन बसली. आम्ही टोलवेला लागलो. आरशात मला दोघी दिसत होत्या. मावशीने पिशवी उघडली आणि गाडीभर पोह्यांचा वास पसरला, तर्रीचा, तिखट, माझ्या पोह्यांना कधी येत नाही तसा.

"आई, मला खूप भूक लागून राहिली," लेक म्हणाली.

ती मला म्हणाली होती. मावशीला नव्हे. मराठीत, पूर्ण वाक्यात, मला. आणि तरी माझी जीभ गप्प बसली नाही.

"लागून राहिली नाही गं," मी म्हटलं. "भूक लागली. भूक लागली म्हणावं."

आरशात तिने डब्यातून मान वर केली. ओठाला हिरवं पान चिकटलेलं होतं.

"सेम थिंग, आई."